रोज आठ वाजता एक एपिसोड

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ही गेली. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. रंग बनवणाऱ्या हिच्या कंपनीने दुसऱ्या शहरात नवा कारखाना काढलाय. तिथली लॅब उभी करून द्यायची की परत. स्टेशनवर मला विशेष काही वाटलं नाही. लेक रडली. चौदा वर्षांची आहे, समजू शकतो. अण्णा सुनेला सोडायला आलेच नाहीत, ते बातम्या बघत होते.

आजपासून रोजनिशी. आपल्या गैरहजेरीत घर किती शिस्तीत चाललं होतं हे हिला कधीतरी कळावं असं नाही, पण नोंद असलेली बरी.

संकल्प : सकाळी चालणे. रोज एक नवा पदार्थ. लेकीशी रोज अर्धा तास संवाद, विषय तिने निवडायचा. आणि मुख्य म्हणजे, ही तिकडे आणि मी इकडे, रोज आठ वाजता एकाच वेळी एकच सिरीयल बघायची, फोन चालू ठेवून. पेपरात लेख आला होता, लांब राहणाऱ्या जोडप्यांना त्यामुळे अंतर जाणवत नाही. सिरीयल मीच निवडली. बर्फाळ देश, एक इन्स्पेक्टर बाई, एक हरवलेला माणूस, भरपूर सीझन.

नियम एकच. रोज एक एपिसोड. कुणीही पुढे जायचं नाही.

४ फेब्रुवारी

चालणे सोमवारपासून. बूट सापडला. एक.

पदार्थ : अंडी. कालही अंडीच होती, पण काल उकडली होती.

सिरीयलची एक तांत्रिक अडचण. हिच्याकडे नेट चांगलं आहे, त्यामुळे फोनमधून आधी हिच्याकडचं दार वाजतं आणि मग माझ्याकडे दार उघडतं. गोळीचं पण तसंच. मला थोडं आधी कळतं. फायदाच म्हणायचा.

१० फेब्रुवारी

आजपासून हिला रोज घरच्या ठळक बातम्या पाठवायला सुरुवात. माझ्याच आवाजात, रेकॉर्ड करून. आजचं बुलेटिन : वॉशिंग मशीनमधून शाळेचा शर्ट गुलाबी होऊन बाहेर. लेकीची तीव्र नाराजी. अण्णांकडून निषेध. परिस्थिती नियंत्रणात.

हिने अंगठा पाठवला. म्हणजे आवडलं.

१३ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर फोन. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं बटण दाबतो तेव्हा तो फोन माझ्या टेबलावर वाजतो. मी म्हणतो, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. आमचा माणूस तेव्हा बहुधा समोर चहा पीत असतो. पण 'निघालाय' म्हटलं की लोक शांत होतात, आणि शांत माणूस कितीही वेळ थांबतो. आज एक बाई अडकल्या होत्या, हातात सामानाच्या पिशव्या. खरंच निघालाय का, म्हणाल्या. म्हटलं, निघालाय. मग त्याचं नाव सांगा. सांगितलं. ज्याचं नाव सांगितलं तो बिस्कीट बुडवता बुडवता माझ्याकडे बघत होता.

या आवाजासाठी मला मागे कंपनीने सर्टिफिकेट दिलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

ते सिनेमातलं जोडपं वेगळं झालं. सगळीकडे तेच. दोघांनी मिळून निवेदन काढलंय : आम्हाला एकमेकांबद्दल आदर आहे, आमच्या खासगीपणाचा मान राखावा. अण्णा म्हणाले, चांगलं लिहिलंय, कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार.

आठ वाजता हिला माझं विश्लेषण ऐकवलं. म्हटलं, असं एका दिवसात होत नाही. एकाच्या मनात कधीपासून चाललेलं असतं आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. मला या दुसऱ्या माणसाचंच आश्चर्य वाटतं. एका घरात राहून कळत कसं नाही.

ही हं म्हणाली. सिरीयलमध्ये रंगली होती.

१ मार्च, रविवार

लेकीशी संवाद. विषय तिने निवडला : तिच्या आवडत्या गायिकेचा नवा अल्बम. मी ऑफिसात बसून सगळी गाणी ऐकली होती, मुद्दे काढले होते. विचारलं, तिसऱ्या गाण्यात तिला नक्की काय म्हणायचंय. लेक म्हणाली, बाबा, काही म्हणायचं नाहीये, फक्त गाणं आहे ते. अर्ध्या तासातला बराचसा वेळ उरला. तो मी तिला रेडिओचा इतिहास सांगण्यात वापरला. ती ऐकत होती. कानात इअरफोन होते, पण मान हलत होती.

८ मार्च

हिने एक जाहिरात पाठवली. आमच्याच कंपनीची तिकडे शाखा आहे, तिथे सुपरवायझर हवाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिने माझ्या क्षेत्रात रस घेतला. बरं वाटलं. मी लिहिलं : ही शाखा चांगली आहे, तिथले साहेब माझ्या ओळखीचे.

अंगठा आला नाही. नेटवर्क.

१५ मार्च, रविवार

एक जुना उपग्रह बिघडलाय आणि कुठेही पडू शकतो. अण्णांनी दोन दिवस गच्चीत कपडे वाळत घालू दिले नाहीत. आज तो समुद्रात पडला. अण्णांचा चेहरा उतरला. जेवलेही कमी.

सिरीयल चालू असताना ही मध्येच म्हणाली, तू इकडे येशील का. म्हटलं, येऊ की, मे महिन्यात लेकीला सुट्टी असते तेव्हा सगळेच येऊ, चार दिवस राहू. ही म्हणाली, तसं नाही म्हणत मी. तेवढ्यात तिच्याकडे गोळी सुटली, मग माझ्याकडे सुटली, आणि तो विषय राहून गेला.

कोण मेलं ते नीट कळलं नाही. मागे जाऊन बघायला हवं होतं, पण मागे गेलो तर ही पुढे जाईल.

२९ मार्च

चालणे एप्रिलपासून. नव्या महिन्याला सुरू केलेलं टिकतं.

ऑफिसात सगळे एकच बोलतायत, की आता कॉम्प्युटरच फोन घेणार, माणसं घरी जाणार. मी म्हटलं, अडकलेल्या माणसाला माणसाचाच आवाज लागतो. शेजारच्या टेबलवरचा म्हणाला, तुझ्या बाबतीत फरक पडणार नाही. कौतुकाने म्हणाला असावा.

५ एप्रिल, रविवार

ही आज थकलेली होती. काल लॅबमधलं एक मशीन बंद पडलं, सगळ्यांसमोर साहेब बोलला, ही वॉशरूममध्ये जाऊन बसली थोडा वेळ. हे सगळं तिने सांगितलं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं नीट होईल, थोडा धीर धर. ही म्हणाली, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलतोस तसं बोलतोयस तू माझ्याशी.

एवढ्या लांबूनही हिला माझ्या कामाची आठवण राहते.

अण्णा सोफ्यावरून ऐकत होते. नंतर म्हणाले, तू तिला विचारलंस का, ती कशी आहे. म्हटलं, अण्णा, रोज बोलतो आम्ही. अण्णा म्हणाले, बोलत नाहीस, बातम्या देतोस. जो माणूस दिवसभर रिमोट हातातून सोडत नाही त्याने हे म्हणावं.

१२ एप्रिल

बुलेटिन : नळ गळतोय. लेकीला इंग्रजीत चांगले मार्क. भात लागला, पातेलं भिजत घातलंय.

ही म्हणाली, ती जाहिरात पाहिलीस ना, या आठवड्यात बंद होतेय. म्हटलं, हो पाहिली. माणसं मिळत नसणार त्यांना, आजकाल सुपरवायझर मिळणं अवघड झालंय. ही हं म्हणाली.

२६ एप्रिल, रविवार

एक घटना.

टोस्ट खाताना मी लेकीला म्हटलं, आम्ही तिसऱ्या सीझनला आलोय आणि माझा डॉक्टरवर संशय आहे. ती म्हणाली, छे, डॉक्टर नाहीये, तो तर.  आणि लोणी लावून झालेल्या टोस्टवर पुन्हा लोणी लावत बसली.

मग सांगितलं. तिची आणि आईची सिरीयल मार्चमध्येच संपली. शाळेतून आल्यावर, हिच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि रविवारी दुपारी, दोघी फोनवर. दोघी मिळून रडल्यासुद्धा शेवटी. दुपारी मी ऑफिसात, आणि रविवारी दुपारी मी झोपतो.

आठ वाजता हिला विचारलं. ही म्हणाली, हो. लेकीला माझ्याबरोबर बघायचं होतं, एक भाग बघून तिला थांबवेना, मलाही थांबवेना. म्हटलं, मग रोज आठ वाजता? म्हणाली, मग रोज आठ वाजता तुझ्याबरोबर परत बघते. म्हटलं, आधी सांगायचं ना. म्हणाली, तू इतका नियमाने बसायचास, नाही सांगवलं. आणि खरं सांगू का, बघत नाही रे मी, आवाज बंद करून रिपोर्ट लिहीत असते. मधूनमधून हं म्हणते.

मी विचार केला. एखादी बाई दिवसभर काम करून, एकदा बघून झालेल्या सिरीयलपाशी रोज एका माणसासाठी पुन्हा बसते. निदान माझ्या ओळखीत असं दुसरं उदाहरण नाही.

तरी आज एपिसोड बघितला नाही. डोळे दुखत होते.

१० मे, रविवार

आठ वाजताचं सध्या बंद आहे. ही म्हणाली, बघू या का, मी म्हटलं, असू दे. त्या वेळात मी बातम्यांना बसतो. अण्णा कुठल्या अँकरचं कुणाशी पटत नाही ते समजावून सांगतात.

ही पुढच्या शनिवारी येतेय. दोन दिवस. लॅब लवकर उभी राहिलेली दिसते. म्हणजे जुलैची वाट बघायला नको.

पातेलं अजून भिजतंय.

१७ मे, रविवार

दुपारी हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, टेबलापाशी. लेक तिच्या खोलीत होती आणि खोलीतून गाण्याचा आवाज येत नव्हता.

ही म्हणाली, तिकडची जागा मला कायमची देतायत. मी हो म्हटलंय. लेकीसाठी शाळा बघून ठेवलीय, तिला आवडली, जूनपासून ती तिकडे येईल. म्हटलं, तिने कधी बघितली. व्हिडिओवर, एप्रिलमध्ये. बरं म्हटलं.

ही म्हणाली, तुला तीनदा विचारलं मी. म्हटलं, कधी. तिने एकेक करून सांगितलं. जाहिरात पाठवली. तू येशील का विचारलं. मुदत संपतेय म्हणून आठवण केली. आवाज चढवला नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं. म्हणाली, मला वाटलं तुला यायचं नाहीये आणि तसं तोंडावर म्हणवत नाहीये. म्हणून मग मी विचारायचं थांबवलं. तुला यायचं होतं का?

अण्णा पाणी प्यायला आत आले. आम्हाला पाहून परत गेले, पाणी न पिता. त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना हिने विचारलं होतं, तुम्ही येता का. ते म्हणाले होते, मी थांबतो याच्यापाशी, कुणीतरी हवं.

 यायचं होतं का, हे मी मनात आत जाऊन शोधल्यासारखं केलं, तर तिथे काहीच नव्हतं, दुःखसुद्धा नाही. घरात पाहुणे यायचे असतात तेव्हा खुर्च्या भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी करतात, तसं. म्हटलं, ठीक आहे. काळजी करू नकोस. सगळं नीट होईल.

 हिने उठून दोन कप विसळले. ते स्वच्छच होते.

१८ मे, सोमवार

हिला स्टेशनवर सोडून ऑफिसात आलो आणि तिकडच्या शाखेला फोन लावला. जागा भरली. एप्रिलमध्येच. फोनवरच्या मुलीने विचारलं, सर, तुम्ही आमच्याच कंपनीतले, मग तेव्हा का नाही कळवलंत. म्हटलं, कामात होतो. ती म्हणाली, पुढे निघाली तर कळवते. अगदी शांत, चांगल्या आवाजात म्हणाली. मी फोन ठेवला आणि ती कळवणार नाही हे मला समजलं, कारण आवाज ओळखीचा होता.

मग तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना मी म्हटलं, आमचा माणूस अजून निघालेला नाही, आत्ता पाठवतो. ते भडकले. शेजारच्या टेबलवरच्याने मान वर करून पाहिलं. आमचा माणूस बिस्कीट टाकून खरंच निघाला.

७ जून, रविवार

ही लेकीला न्यायला आली होती. बॅगा, गादीची गुंडाळी, भिंतीवरचं त्या गायिकेचं पोस्टर. अण्णांनी नातीला एक वर्तमानपत्र दिलं, वाटेत वाचायला. तिने घेतलं.

स्टेशनवर लेक बिलगली. म्हणाली, बाबा, काहीतरी बोल ना. मी म्हटलं, उतरताना बॅगा मोजा.

ही म्हणाली, दर महिन्याला ये. म्हटलं, येतो. या वेळी तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, त्यामुळे समजलं.

१४ जून, रविवार

लेकीच्या खोलीत अभ्यासिका करायची ठरवलं. पुस्तकांचं कपाट, दिवा, एक चांगली खुर्ची. दुपारी मोजमाप घ्यायला गेलो. बसलो. पोस्टरच्या जागी भिंत जास्त पांढरी आहे. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, मोजमाप राहिलं.

जेवताना अण्णा म्हणाले, तुझी ती सिरीयल लाव ना, किती दिवस अर्धी ठेवणार. शेवट चांगला आहे.

नको म्हटलं.

२१ जून, रविवार

लेकीचा फोन. शाळा बरी आहे. एक मैत्रीण झाली. जेवण आई करते, कधी ती करते, अंडी तिला चांगली जमतात. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, तू कशी आहेस. ती म्हणाली, आत्ताच सांगितलं ना बाबा. म्हटलं, हो, तरी. मग म्हणाली, बरी आहे.

मग तिने विचारलं, तिथे माझा चार्जर राहिलाय का, पांढरा. शोधला. पलंगामागे होता. म्हटलं, सापडला, मी घेऊन येतो, या शनिवारीच निघतो. ती म्हणाली, नको बाबा, आईने नवीन आणला, मी सहज विचारलं.

फोन ठेवल्यावर चार्जर पुसला. माझ्या फोनला लागतो का पाहिलं. लागत नाही.