बाराव्या महिन्याचं शेवाळ

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (प्रयोगशाळेच्या फरशीवर कालच आम्ल सांडलंय, म्हणून तूर्त उभ्यानंच घालते, मनावर घेऊ नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. काकांना जाऊन दोन महिने झाले, तरी पोस्टाचं पार्सल आलं की ते त्यांचंच वाटतं. मग रडू येतं, आणि आमच्याकडे काम करताना डोळ्यांना हात लावायची बंदी आहे.

तुला ठाऊकच आहे, तपकिरी शेवाळातली साखर महिन्यागणिक कशी कमी-जास्त होते हा माझ्या प्रबंधाचा विषय. काकांनी त्यासाठी दर महिन्याला खडकांवर उतरून शेवाळ काढलं, वाळवलं, वर तारीख घालून पाठवलं. (तू म्हणायचीस, या वयात घाण गोळा करत फिरतात!) अकरा पुडकी त्यांच्या हयातीत आली. बारावं तू पाठवलंस, "यांनी आधीच काढून ठेवलं होतं" अशी चिठ्ठी लावून. मी विश्वास ठेवला, कारण त्या घरात तुझ्या शब्दाबाहेर कोणी गेलेलं मी पाहिलेलं नाही.

अकरा पुडक्यांत यंत्राला भरपूर साखर मिळाली. बाराव्यात नावालाही नाही! उलट आजवर कधी न दिसलेलं एक द्रव्य निघालं. आमचे सर (एरवी सांत्वनाला आल्यासारखे बसलेले असतात) खुर्चीतून उठलेच. हे शेवाळ साखर मोडून नवंच संयुग बनवतं, असा सिद्धान्त त्यांनी चहा गार व्हायच्या आत मांडला आणि विभागप्रमुखांना भाषणाची तारीखही देऊन टाकली. मी तीन आठवडे त्या संयुगाच्या हात धुऊन मागे लागले. शेवटी उलगडा झाला तो घरी कपडे धुताना. बाराव्या पुडक्याला जो वास होता, तोच हाताला येत होता. दुसऱ्या दिवशी साबणाचा चुरा यंत्रात घातला, आणि आमचं नवं संयुग कागदावर हुबेहूब उमटलं.

मावशी, वाळलेल्या शेवाळावर पांढरी भुकटी येते ती बुरशी नव्हे गं. तीच ती साखर. काकांनी जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नाही, ते शेवाळ साबणानं धुणं शक्यच नाही; आणि पुडक्यावर त्यांच्या हातची तारीखही नव्हती. म्हणजे ते तू काढलंस. एकटीनं, त्या निसरड्या खडकांवर, असला गुडघा घेऊन. सरांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तरीच. फार स्वच्छ होतं हो ते." भाषण अर्थातच रद्द झालं.

तुझी,
भाची

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. पुन्हा खडकांवर जाऊ नकोस. तुला शपथ आहे. बारावा महिना गाळूनही प्रबंध पुरा होतो. अकरा पुरतात.

ता. ता. क. अकरा पुरतात हे मी काकांना अकराव्या पुडक्याच्या वेळीच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "मावशीला कळू देऊ नकोस. घरात असतो तेव्हा ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. खडकांवर गेलो की परत येईपर्यंत दारात उभी असते."