काळं रूबल आणि चिंच

वृंदावन योजना, लखनौ

ती. हणमंतदादा आणि सौ. वहिनी यांना माणिकचा साष्टांग नमस्कार. दादा, तुमचा गुडघा या थंडीत कसा वागतोय? इकडे देवाच्या कृपेने विमानतळावरची नोकरी, सकाळचं अथर्वशीर्ष आणि माझा मत्सर, तिन्ही नियमित चालू आहेत.

मत्सराचं कारण वरच्या मजल्यावर राहतं. डॉ. सत्यजित, मूळचे सांगलीचे, इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. मी रशियाच्या झारांच्या काळातली चांदीची नाणी जमवतो हे तुम्ही जाणताच (तुम्ही त्याला ‘परक्या राजाचे लाड’ म्हणता). माझं पाहून त्यांनीही सुरुवात केली आणि पहिल्याच फटक्यात झार अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाचं रूबल मिळवलं. माझ्याकडे झार निकोलस. तो काय, ज्याच्या त्याच्याकडे असतो. शिवाय त्यांचं नाणं काळं, दादा! कडेला मोरपिसासारखी निळी झाक असलेलं काळं. या छंदात त्या काळेपणालाच मान आहे, हे मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी आपल्या घरच्या रीतीने निकोलसला चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासलं आणि ऐटीत निशातगंजच्या जुन्या नाणेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, “अरे भाईसाहब, आपने तो बादशाह को नहला दिया!” डॉक्टर शेजारीच उभे होते. हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

यंदा दिवाळीला गावी निघताना त्यांनी ते नाणं माझ्याच हातात ठेवलं. “माणिकराव, तुम्ही देवमाणूस. तुमच्या देव्हाऱ्यात निर्धास्त राहील.” मी रोज बाप्पाला विनवत होतो, हा मत्सर तेवढा काढ. आमची नेत्रा म्हणायची, “पापा, उसे नजर मत लगाओ.”

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी जपाला बसलो होतो आणि तुमची भावजय पद्मिनी देव्हाऱ्यातले देव उजळत होती. “काळं नाणं लक्ष्मीपुढे? शोभतं का?” असं म्हणत तिने चिंच उचलली. मला ऐकू आलं. चिंचेचा वासही आला. पण माळ अर्धी सोडू नये असं आपल्या आईने शिकवलंय ना! मी डोळे घट्ट मिटले (माळही जरा सावकाशच ओढली). उघडले तेव्हा अलेक्झांडर नव्या ताटलीसारखा चकाकत होता. क्षणभर काय आनंद झाला म्हणून सांगू! मग बाप्पाकडे नजर गेली आणि मी माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली.

डॉक्टर तुळशीच्या लग्नानंतर परततील. पद्मिनी बिचारी म्हणते, मी सांगते त्यांना, चूक माझी. तिला काय ठाऊक, की मला सगळं ऐकू येत होतं. नाण्याचं सोडा, त्या ‘देवमाणूस’ शब्दाचं आता काय करू? असो. मत्सर वाईट, हेच तुम्हाला कळवायचं होतं. गोठ्यातल्या पाडसाला माझ्या वतीने कुरवाळा.

तुमचा,
माणिक

ता.क. आपल्या गावच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली की जोडवी काळी पडतात, अशी वहिनींची तक्रार असायची. पाकिटात अलेक्झांडर पाठवतोय. त्याला तीर्थस्नान घालून, जमल्यास निळ्या झाकेसह, स्पीड पोस्टाने लगेच परत पाठवा. डॉक्टरांपुढे तोंड दाखवायची तेवढीच आशा आहे.

ता.क. २. पाकिटात निकोलसही आहे. दोघांना एकत्र बुडवू नका. आधी माझं कुंडात सोडा आणि वहिनींचा स्वयंपाक होईपर्यंत राहू द्या. डॉक्टरांच्या नाण्याला एक डुबकी पुरे.