सातवा ठराव

१२ जानेवारी, सोमवार
परिपाठ चालू असताना दोन माणसं सरळ मैदानात घुसली. टेप, चुन्याची पिशवी. "कोणी पाठवलं?" — "वरून." बस, एवढंच! चुन्याची रेघ मारली ती थेट बोअरिंगपासून वऱ्हांड्याच्या पायरीपर्यंत. म्हणजे मुलांना उरली पायरी!
आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष लाहू रस्त्यावर उभा राहून बघत होता. मी हाक मारली तर गाडीला किक मारून पसार. का रे बाबा?

१३ जानेवारी
शाळेत आम्ही शिक्षक दोघेच, मी आणि प्रविण सर. ते म्हणतात, "मॅडम, बिनधास्त राहा. नवीन कायदा आलाय. शाळेची जागा विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. द्यायचीच तर समितीचा ठराव लागतो, वर मंत्रालयाची मंजुरी. खोटा ठराव केला तर डायरेक्ट गुन्हा!"
समितीची सचिव मी. असा ठराव झालेलाच नाही. मग मोजणी कशाची?

१६ जानेवारी, शुक्रवार
खिचडी ढवळता ढवळता आमची स्वयंपाकीण जानी हळूच बोलली — "लाहू तं तीनदा डहाणूला जाऊन आला. कागद होता हातात."
आता लागतोय हिशेब! शेजारच्या वाडीत रिसॉर्ट होतंय, त्यांना गाड्या लावायला जागा हवी. मैदान गेलं की शाळा आज ना उद्या बंद. एक्केचाळीस पोरं मग हायवे ओलांडून जाणार. पहिलीची सुद्धा! 

१९ जानेवारी
लाहूला चार फोन. उचलत नाही. पाप आहे मनात, दुसरं काय.

२० जानेवारी, मंगळवार
सरावली फाट्यावर सापडला. मी रिक्षातून उतरलेच. "लाहू, मैदान विकलंस?"
मान खाली. म्हणाला, "बाई, तुमी यात पडू नका."
मला धमकी! माझं डोकंच फिरलं. "चोर आहेस तू," म्हटलं. टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. त्याने गाडीचा आरसा पुसला, नुसताच पुसत राहिला.  खरा असता तर बोलला असता ना?

२१ जानेवारी
झोप नाही. प्रविण सरांचाही भरवसा वाटेना. कायदा इतका तोंडपाठ कसा?

२२ जानेवारी, गुरुवार
अर्धी रजा टाकून डहाणूच्या शिक्षण ऑफिसात गेले. चंद्रिका क्लार्क ओळखीची, तिने फाइल पुढे सरकवली. ठराव आहे! समितीच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स. ठराव क्रमांक सात — 'शाळेची वापरात नसलेली जागा भाड्याने देण्यास समितीची हरकत नाही.' खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे.
अक्षर माझं.
 मग आठवलं. सप्टेंबरात तपासणी होती, वही कोरी. पालक सकाळी सहाच्या टेम्पोने कंपनीत जातात, मीटिंगला थांबणार कोण? म्हणून मी आधी कोऱ्या पानावर सह्या-अंगठे घेते, ठराव नंतर लिहिते. सगळेच करतात! शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी ठरावांचा नमुना टाकला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजत एका बैठकीत नऊ ठराव उतरवले. वाचलं काहीच नाही, आणि तपासणीवाले त्याच पानांच्या झेरॉक्स घेऊन गेले.
आणि मी चोर शोधत हिंडतेय!

२३ जानेवारी
काल फाइल पुरती बघायचा धीर झाला नाही. आज पुन्हा गेले. शेवटी एक अर्ज होता, ५ जानेवारीचा. मोजणीच्याही आधीचा. लाहूचा.
'सातवा ठराव अध्यक्ष म्हणून मी परस्पर घालायला लावला. बाईंना फसवून लिहून घेतलं. बाईंचा दोष नाही. ठराव रद्द करावा. काय कारवाई ती माझ्यावर करावी.'
सगळं खोटं. एक अक्षर खरं नाही.
चंद्रिका म्हणाली, "त्या अर्जामुळेच मंजुरी अडकली, मॅडम. आता चौकशी लागलीय त्याच्यावर. मंगळवारी बोलावलंय."
तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला. उभ्या उभ्याच लिहिलं — लाहूने काही केलेलं नाही. केलं ते मी.