बांधावरचा काजू आणि माझा उजवा हात

मी, सगुण भिकाजी गवस, वय चौऱ्याहत्तर, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, पूर्वी भाड्याने माणसे नेणारा मोटरसायकल पायलट, आता ताई-चीचा मास्तर, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. असती तर बायकोची असती, आणि ती आता अंगणात कोकमाची सोलां वाळत घालते आहे.

१. गोव्याच्या कायद्याने निम्मी मालमत्ता पत्नी सुमंगला हिची आहेच. माझ्या निम्म्यातले निम्मे मुलगी सुविधा हिचे. उरलेल्यावर काय ती माझी मर्जी चालते, म्हणून पुढचे नीट वाचावे.

२. मोटरसायकल सुविधाला. या गाडीवरून मी मलेशियाच्या लिनबाईंना रोज पहाटे हरमलच्या किनाऱ्यावर नेत असे. त्या ताई-ची शिकवत, मी मागे उभा राहून नक्कल करी. एके दिवशी त्यांनी माझा ताठलेला खांदा खाली दाबला आणि मी त्यांचा शिष्य झालो. त्यांनी दिलेला लाल पंखाही सुविधालाच. तो चूल पेटवायला वापरू नये, सुमंगला, तुलाच सांगतो आहे.

३. बांधावरच्या काजूबद्दल. घरासमोरच्या खळ्यात मी पहिल्यांदा सराव केला, तेव्हा अर्धे मिटलेले डोळे आणि संथ हात बघून लोकांना वाटले, माझ्या अंगात देवाचा भार आला. धाकटा भाऊ नारायण, ज्याच्या-माझ्या जमिनीमधल्या बांधावर हा काजू आहे, नारळ घेऊन धावला आणि त्याने विचारले, "देवा, काजू कोणाचा?" नेमका त्याच वेळी माझा उजवा हात त्याच्याकडे गेला. झाले! हा चिनी व्यायाम आहे म्हणून मी घसा फोडून सांगितले. तो म्हणाला, "देवान दिल्लें झाड हांव परत दिवचों ना." तेव्हापासून आमचा अबोला. माझ्या डोळ्यांदेखत बोंडू नेतो, मेला! वर रोज सकाळी बांधापलीकडे उभा राहून माझ्याकडे बघत हात हलवायचा. मला वाटे, वेडावतो आहे.

४. गेल्या शिमग्याच्या सुमारास मला म्हापशाला इस्पितळात ठेवले. मरणाची भीती नव्हती; वर्ग मोडेल याची होती. सुविधा नोकरीनिमित्त डिचोलीत, आणि हालचालींचा पूर्ण क्रम दुसऱ्या कोणाला येत नव्हता. घरी आलो तर खळ्यात सगळे उभे, आणि पुढे नारायण! क्रम तोंडपाठ, फक्त डावे-उजवे उलटे, कारण समोरून बघून शिकलेला. मला पाहून म्हणाला, "दादा, उशीर केलोस. रांगेत उबो रांव." मी उभा राहिलो. रडलोही, लपवत नाही.

५. म्हणून खळे आणि वर्ग नारायणाला. खळ्यात कोणी गाडी लावू नये. त्याच्या उलटेपणाला हसू नये. त्याच्याकडे तोंड करून शिकावे, सगळे आपोआप सुलटे होते.

६. काजूही त्याचाच. त्या सकाळी देव आला होता की नाही, ते देवाला ठाऊक. हात माझा होता. तो कौल मी आज सही करून खरा करतो.

वरील सर्व वाचून, हसून आणि मान्य करून,
सगुण भिकाजी गवस

साक्षीदार: प्रज्योत परब, रुक्मिणी नाईक (दोघेही वर्गातले, दोघांचेही गुडघे आता ठीक)

इब्रामपूर, १२ मे २०२५