किरकोळ जखमी

२ एप्रिल १९७३, केज

आज साप्ताहिकात उपसंपादक म्हणून रुजू झालो! दुष्काळाने लोक गाव सोडून चाललेत आणि मी मात्र नव्या सदऱ्यात एसटीतून उतरलो. मालक आप्पाराव मजूर सहकारी संस्थेचे चेअरमन. भागातली दुष्काळी कामं त्यांच्याच संस्थेकडे. छापखान्यामागची खोली मला दिली आहे. महिनाअखेर बायकोला, वत्सलेला, घेऊन येईन.

छपाईचे खिळे जुळवणारा सटवा भला माणूस, पण तिरकस. रोज लागणारे शब्द तो सुतळीने बांधून तयारच ठेवतो. सगळ्यात झिजलेली जुडी 'किरकोळ जखमी'ची. वाण्याकडे किरकोळ म्हणजे पावशेर साखर. बातमीत मोडलेला पायही त्यातच बसवतात. मी हसलो, तर म्हणाला, साहेब, लई कामाचा शबूद हाय, मालकाच्या कामावर किरकोळच्या वर कुणाला लागतच न्हाई.

७ एप्रिल

दुपारी मुकादम धापा टाकत आला. दुष्काळी कामावरच्या विहिरीची दरड कोसळली. तीन बाया काढल्या, चौथी छबुबाई अजून खालीच हाय, उकरणं चालू हाय, एवढं सांगून माघारी पळाला. मी तसंच लिहायला घेतलं. आप्पाराव शेजारी येऊन बसले. म्हणाले, छबुबाई माहेरी गेली असंल, कावून उगी बोभाटा करता? नोकरी नवी हाय तुमची.

मला ते खोटं वाटलं. तरी सटवाकडून ती जुडी मागून घेतली. 'तीन स्त्रिया किरकोळ जखमी. सर्व मजूर सुखरूप.'

९ एप्रिल

छबुबाईचा नवरा बंकट ऊसतोडीवरून परतलाय. अंक हातात घेऊन छापखान्यात आला. त्याच्याकडून कळलं, हाच अंक दाखवून चेअरमननी उकरणं थांबवलं, मुरूम टाकून खड्डा बुजवला, मजूर दुसऱ्या कामावर नेले. सगळे सुखरूप, मग उकरायचं कशाला? बंकट विचारत होता, साहेब, आमची छबी ह्या सुखरूपात हाय का? माहेरी तर न्हाई.

चौकशी करतो म्हणालो. आप्पारावांच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. स्वतःची लाज वाटते.

११ एप्रिल

भर दुपारी खोलीतल्या फरशीखालून टकटक. खडी फोडतात तशी, पण थकलेली. सटवाला ऐकू येत नाही म्हणे. संध्याकाळी त्याने ती जुडी सोडली, तर खिळ्यांमध्ये मुरूम भरलेला. मीच भरला असं समजून खवळला. मुरूम ओला होता. गावात पाण्याचा टिपूस नाही, हा ओला कुठून?

१२ एप्रिल

टकटक थांबत नाही. तहसीलमध्ये जाऊन खरं सांगून टाकायचं, असं ठरवून चपला घातल्या. तेवढ्यात वत्सलेचं पत्र आलं. ट्रंक भरली आहे, महिनाअखेरपर्यंत थांबत नाही, निघते आहे.

चपला काढून ठेवल्या.

१३ एप्रिल

जेवलो नाही. कान फरशीला लावला— माझं नाव छबुबाईला ठाऊक नाही, म्हणून नुसतं साहेब म्हणते. साहेब, मी हितंच हाय. साहेब—

मी कान झाकून घेतले. पुन्हा तेच केलं मी.

१४ एप्रिल

फरशी उचकटली. हातानेच उकरतोय. मुरूम— बांगडी— मनगट—

मी नाही धरलं, तिनेच धरलं. डावा हात सुटत नाही, उजव्याने लिहितोय. बोटं गरम आहेत. म्हणजे बंकट आला होता तेव्हाही ती जिवंत— मी नुसतं तोंड उघडलं असतं तर—

ओढतेय. कोपरापर्यंत—

सटवा दाराबाहेरून विचारतोय, कसला आवाज, लागलं का साहेब? छबुबाई, सोड ग, सांगतो, आता सगळं खरं सांगतो— सांगायला तोंड उघडतो आणि बाहेर येतं ते एवढंच— काही नाही रे सटवा, किर—