कुंड्यांच्या स्टँडसाठी वेल्डिंग मशीन

॥ श्री ॥
ता. ३ फेब्रुवारी

चि. भावजींस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. परमेश्वराच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. आईंच्या गुडघ्याची सूज उतरली, ठणका तेवढा उरलाय. जिन्यावरून पडण्याची ही दुसरी वेळ, तिसरीची वाट बघणार नाही, २८ तारखेला येऊन आईंना कायमचं तिकडे घेऊन जातो, असं तुम्ही लिहिलंत. वाचलं. तुमच्या दादांनाही वाचून दाखवलं. त्याबद्दल सावकाश लिहीन.

आज वेगळंच विचारायचंय. फोन केला असता, पण तो मधल्या खोलीत आहे, आणि आईंचे गुडघे दुखतात, कान नाहीत.

घरी वापरायला स्वस्तातलं वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं? हसू नका. गच्चीत कुंड्यांसाठी स्टँड करायचेत. फॅब्रिकेशनवाल्याने आकडा सांगितला तो ऐकून मी पाणी मागितलं. तेवढ्यात मशीन येतं, लोखंड येतं, आणि काम झाल्यावर मशीन घरातच राहतं. मजुरी दिली की ती गेली ती गेली. तुमचे दादा म्हणाले, तुला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मी म्हटलं, खिळे मी ठोकत नाही कारण भिंत आपली आहे. लोखंड विकत आणलेलं असेल.

काल दुकानात जाऊन आले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी साहेब येतोय का ते बघितलं. कुणी येत नाही म्हटल्यावर नाइलाजाने तीन मशीनं दाखवली. एक तिजोरीएवढं, दोन माणसांनी उचलायचं, तेच सगळ्यात स्वस्त. दुसरं जेवणाच्या डब्याएवढं, खांद्याला अडकवायचा पट्टासुद्धा आहे, आणि महाग. तिसऱ्याच्या पोटात तारेचं रीळ. भावजी, मी आयुष्यभर जे जड ते महाग अशाच हिशोबाने भांडी घेतली. इथे उलटं कसं? एवढंसं डबडं जास्त पैसे कशाचे मागतं? आणि घरच्या मीटरला ते झेपेल का? हे कळल्याशिवाय मला झोप यायची नाही. मॅट्रिकला विज्ञानात वीज होती, पण ती पुस्तकातली. तिने कधी फ्यूज उडवला नाही.

लोभ आहेच, तो राहू द्या. आणि उत्तर लगेच द्या.

तुमची वहिनी

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी हसलो नाही. तुमची जाऊ हसली. ती म्हणते, मी लग्नापासून एक चपलांचा स्टँड मागतेय, तो गोदीतल्या वेल्डरला जमला नाही. आता मोठ्या जाऊबाईंकडे ऑर्डर देते.

आता तुमच्या डबड्याचं. तिजोरीत तांबं आणि लोखंड भरलंय, वीज बदलायचं काम ते वजन करतं. डबड्यात तेच काम छोट्या इलेक्ट्रॉनिक भागांकडून होतं, म्हणून ते हलकं. पैसे त्या अकलेचे. तिजोरी घरच्या मीटरवर लावलीत तर पहिल्या ठिणगीला अख्ख्या घरात अंधार. तिच्याकडे बघूसुद्धा नका. तारेचं मशीन छान आहे, हात सोपा पडतो, पण तार, नळीचं टोक, काही ना काही सारखं आणावं लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुम्ही डबडंच घ्या, साध्या रॉडवर चालणारं.

फक्त समोर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. मशीन उलटं करून मागची पट्टी वाचा. ते दर दहा मिनिटांत किती मिनिटं सलग काम करेल आणि किती वेळ दम खाईल, हे तिथे लिहिलेलं असतं. पुढचा आकडा दुकानदाराचा, मागचा मशीनचा. आणि डोळ्यांवरच्या मुखवट्यात काटकसर करायची नाही. बाकी सगळीकडे करा, तुम्हाला शिकवायला नको.

कुंड्यांच्या स्टँडला अँगल लागेल, काटकोनात वळलेली पट्टी असते ती. सुरुवातीला तीच सोपी.

आईची खोली तयार झालीय. तळमजला, दारात एकही पायरी नाही, खिडकीतून बाग दिसते. नोकरी लागल्यापासून आई माझ्याकडे पाहुणीसारखी चार दिवस आली असेल, तेवढंच. माझ्या मुलीला आजी म्हणजे फोनमधला आवाज वाटतो. तिकिटं काढलीत, येताना एक, जाताना दोन. आईची बांधाबांध सुरू करा.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा भावजी

---

॥ श्री ॥
ता. १४ फेब्रुवारी

चि. भावजींस अ. उ. आ. वि. वि.

मशीन आणलं! दुकानदाराला म्हटलं, उलटं करा. तो म्हणाला, काय करू? मी म्हटलं, मशीन उलटं करा, मागची पट्टी वाचायचीय. सगळ्यात स्वस्त डबड्यावर पुढे सिंहाचं चित्र होतं आणि मागे उंदराचे आकडे. त्याच्या वरचं घेतलं. मुखवटा चांगला घेतला, पण हातमोजे त्याच्याकडून वर मागून घेतले. निघताना त्याने विचारलं, ताई, तुमचं दुकान कुठे आहे?

देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पहिला दिवस सगळा रॉड चिकटण्यात गेला. चिकटला की ओढून निघत नाही, हलवून निघत नाही. तुमचे दादा लांबून म्हणाले, पाहुणा दिसतोय. जे सांधे झाले ते पक्ष्यांनी वरून टाकल्यासारखे. पण एक सांगू? त्या काळ्या काचेतून जे दिसतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं जग विझतं आणि रॉडच्या टोकाशी लोखंडाचा एक थेंब उरतो, ओला, थरथरता. तो आपण नेऊ तिथे येतो. घाई केली की मागे राहतो, रेंगाळलं की भोक पाडतो. जप करताना मन असं एका जागी राहावं म्हणून मी किती वर्षं धडपडतेय!

आता अडचणी. भंगारवाल्याकडे चकचकीत गोल पाईप स्वस्तात मिळाला, बाहेरून दीड इंची, छान गुळगुळीत. त्यावर रॉड लावला की पांढरा धूर येतो आणि तोंड गोडसर होतं. त्या दिवशी संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला, सकाळी उतरला. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का? शिवाय गोल पाईपला उभा पाईप तिरका जोडायचा तर तोंड कसं कापायचं? उभे दांडे किती अंतरावर ठेवू?

आणि मुख्य. सांधा वरून चांगला दिसतो, पण तो आतून धरलाय की नाही हे कसं ओळखायचं? कुंडीचं वजन पेलायला हवं ना.

लोभ असू द्या, आणि मला हसलात तरी उत्तर द्या.

वहिनी

---

ता. १८ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आधी ते काम थांबवा. चकचकीत पाईपवर जस्ताचा मुलामा असतो. तो जळून जो धूर होतो त्यानेच ताप भरतो. आमच्याकडे नवीन पोरं एकदा तरी हे करतात, पण भंगारात स्वस्त मिळाला म्हणून घरी बसून ताप विकत घेणाऱ्या तुम्हीच. पाईप परत द्या. साधा काळा घ्या.

आता दुसरं. वहिनी, दीड इंची गुळगुळीत गोल पाईप कुंड्यांना कुणी लावत नाही. कुंडीला मूठ नसते. दीड इंच म्हणजे म्हाताऱ्या माणसाची मूठ बरोबर मिटते तेवढा. तुम्ही जिन्याला कठडा करताय.

मला राग आला. पत्र कपाटावर ठेवून दिलं. आईला माझ्याकडे येऊ द्यायचं नाही म्हणून माझ्याचकडून शिकताय, आणि मी शहाण्यासारखा मशीनपासून रॉडपर्यंत सगळं सांगत सुटलो. तुमची जाऊ म्हणाली, मग चुकीचं सांग म्हणजे झालं. तेव्हा मी पत्र पुन्हा खाली काढलं. चुकीचं सांगितलं तर त्यावर आईचाच हात पडणार.

म्हणून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, नीट वाचा. जुन्या गंजक्या कठड्याच्या बुंध्याला काही जोडू नका, तो मुळापासून काढा. प्रत्येक दांड्याखाली जाड पट्टी आणि तिला चार बोल्ट, थेट दगडात. दांडा दर तिसऱ्या पायरीला. उंची आईच्या कोपराखाली येईल अशी; तिला उभी करून मापा, पुस्तकातलं माप नको. पाईपचं टोक मोकळं सोडू नका, भिंतीकडे वळवा, नाहीतर पदर अडकेल. पाईपचं तोंड कापायला कागद गुंडाळून आकार काढा, तुम्ही ब्लाउज बेतता तसंच.

सांधा आतून ओळखायचा एकच उपाय, तो तोडून बघायचा. दोन तुकडे जोडा, शिकंज्यात धरा आणि हातोडा घाला. सांध्यात तुटलं तर कच्चं. लोखंड वाकलं आणि सांधा राहिला तर पक्कं. कितीही तुकडे वाया जाऊ देत.

मी २८ ला येतोय. दोन्ही हातांनी कठडा हलवून बघेन. हलला तर आई माझ्याबरोबर, कुणी अडवायचं नाही. नाही हलला तर तिचं तिकीट परत करीन.

तुमचा भावजी

---

॥ श्री ॥
ता. २५ फेब्रुवारी

चि. भावजींस अ. उ. आ. वि. वि.

पकडलंत. खोटं बोलले म्हणून देवाची क्षमा मागितली, तुमची समोरासमोर मागेन.

अट कबूल. सुरुवातीचे तुकडे हातोड्याखाली बिस्किटासारखे मोडले. वरून काय सुरेख दिसत होते! मग वेग कमी केला, थेंब दोन्ही कडांना भिजवतोय की नाही तेवढंच बघत राहिले. परवा पहिल्यांदा पट्टी वाकली आणि सांधा हलला नाही. मी एवढ्या जोरात ओरडले की घराखालचा दुकानदार वर आला. तुमचे दादा आता लेव्हल धरून उभे राहतात आणि माझ्या बोल्टांवर मतं देतात. मशीन दम खातं तेव्हा मीही खाते. बाईमाणसाला असं सक्तीने बसवणारं घरात ते एकच आहे. आज शेवटचे दोन दांडे उरलेत.

आईंना कळलंय. त्यांना उभं करून कोपराचं माप घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, कुंड्यांच्या स्टँडला. त्या म्हणाल्या, ती कुंडी म्हणजे मी, एवढं कळतं मला. ऊन कुठलं आणि पाणी किती ते तुम्ही दोघं ठरवा.

ते काही मनातून जात नाही, भावजी. तुम्ही खोली तयार केलीत, मी कठडा केला. त्यांना काय हवंय हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. काल विचारलं. त्या म्हणाल्या, आधी कठडा होऊ दे.

सुखरूप या. लोभ आहे तसाच ठेवा, कठडा हलो वा न हलो.

वहिनी

---

ता. १४ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही. तुझ्या नवऱ्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, कामात आहे. तू कामात नाहीस, रागावली आहेस. म्हणून मीच लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर लोखंड समजून सरळ करून वाच.

त्या दिवशी धाकट्याने कठडा दोन्ही हातांनी ओढला, पाय भिंतीला लावून ओढला, शेवटी त्याला लोंबकळला. हलला नाही. गोदीत इतकी वर्षं लोखंड जोडणारा माझा लेक त्या सांध्यांवरून बोट फिरवत नुसता उभा राहिला. मग खिशातून तिकीट काढून म्हणाला, हे परत करतो. तुझ्या तोंडावर जे तेज आलं ते मी बघितलं. आणि मी म्हटलं, थांब, माझी पिशवी भरा. ते तेज गेलं तेही बघितलं. मी कठडा धरून खाली उतरले, पुन्हा वर आले, पुन्हा उतरले. तुम्हाला वाटलं म्हातारी मन बदलतेय. तू आत जाऊन भाजी चिरत बसलीस ती रिक्षा निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

तेव्हा सर्वांसमोर बोलता आलं नाही, आता सांगते. धाकट्याकडे यायचं माझ्या मनात किती दिवसांपासून होतं. नात मोठी होत चाललीय. पण त्या जिन्यावर पडल्यापासून मला कळून चुकलं होतं, की एकदा खाली उतरले तर पुन्हा वर चढणं नाही. तुम्ही सगळे प्रेमाने म्हणाल, कशाला उगीच दगदग, राहा आता तिथेच. माझं घर वर, माझी खोली वर, तू वर. म्हणून मी उतरायलाच तयार नव्हते. धाकट्याला वाटलं आईला यायचं नाही. तुला वाटलं आईंना राहायचंय. मला जायचंही होतं आणि परतही यायचं होतं. त्या दिवशी उतरून पुन्हा चढले ती खात्री करायला. चढता आलं. मग उतरले.

तू कठडा मला ठेवून घ्यायला केलास. पण बाई, त्यानेच मला जाऊ दिलं. यात तू हरली नाहीस, एवढं समजून घे.

इथे सगळं छान आहे. खोलीला ऊन येतं, बाग दिसते. नात माझ्याशेजारी झोपते आणि फार लाथा मारते. धाकट्याला सांगून ठेवलंय, तिची परीक्षा झाली की मी परत जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा येणार. तोंड पाडलं, पण हो म्हणाला. तारीख ठरली की कळवते.

येईन तेव्हा तू जिन्याच्या वर उभी राहा. हात द्यायला खाली उतरू नकोस. तिथेच थांब, मी चढून येते.

माया आहेच, ती मागायची नसते.

तुझी आई