एकाच नावाची दोन पोती

बाबा, तुम्ही गेल्यावर आंधळगावची आपली राईस मिल विकली, हे आधी सांगून टाकते. मी आता साकोलीत राहते, घरूनच कंपनीचं काम करते. मेनफ्रेम म्हणजे भला मोठा कॉम्प्युटर, सगळा कारभार त्याच्यावर. त्यात दोन डेटाबेस आहेत, एक खऱ्या कामाचा, एक सरावाचा. दोन्हींच्या फायली एकाच जागी राहतात, म्हणून प्रत्येकीच्या नावाआधी ती कोणत्या डेटाबेसची ते लिहावं लागतं. सरावाचा मी मांडला. खऱ्याचीच मांडणी उचलली अन् सुरुवातीचं नाव बदललंच नाही, तेही खऱ्याचंच राहिलं. घाई, दुसरं काय! काल दुपारी माझ्या नागपूरच्या सहकारिणीनं सरावाच्या फायली पुसायला घेतल्या, अन् पुसल्या गेल्या खऱ्या. बॅकअपवरून परत आणल्या, पण अर्धा दिवस काम ठप्प. आज सकाळी साहेबांनी मीटिंगमध्ये तिलाच झापलं. "मी तर दिलेलं काम चालवलं, सर," एवढंच ती बोलली. मी माझा माइक बंदच ठेवला. तिला काढतील असं दिसतंय.

तेव्हापासून मिलच डोळ्यांपुढे आहे. उन्हाळ्याची सुट्टी, मी सहावीत, पोत्यांवर खडूनं नावं लिहितेय. एकाचं घर गळतं म्हणून त्यानं बियाण्याचं पोतं आपल्याकडे ठेवलंय. त्याच्याच नावाचा दुसरा भरडायला धान घेऊन आलाय. बापाचं नाव, मोहल्ला, सगळं लिहायचं ही तुमची रीत. मी नुसतं नाव लिहून मोकळी. बियाणं भरडलं गेलं. तो माणूस ओट्यावर डोकं धरून बसला. "आता पेरू काय मी, तांदूळ?"

"चूक माही हाय. नाव मीच लिवलं," तुम्ही म्हणालात, अन् आपलं बियाणं त्याला दिलंत. आपल्या शेतातली एक बांधी त्या वर्षी पेरणीविना पडीक राहिली. घरी आल्यावर मात्र माझ्यावर कडाडलात, "बापाचं नाव काहून नाई लिवलं वं? त्या नावाचे दोघं हायेत, मालूम नाई तुले?" मला तुमचा भयंकर राग आला होता. बाहेर चूक अंगावर घेतली, मग घरात कशाला बोलता, असं वाटलं होतं. मूर्खच होते.

त्या दिवशी मी दाराआड उभी होते, पुढे आले नाही. बारा वर्षांची होते, चालून गेलं. आता चाळिशी उलटली, बाबा, अन् लाज वाटते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. अन् खरं सांगू? तुमची आठवण आली म्हणूनही लिहीत नाहीये. जोवर लिहितेय तोवर साहेबांना फोन करावा लागत नाही, म्हणून लिहून राहिली मी.